वाळूतली चिमूटभर चिकणमाती

श्रोतेहो, जमिनीची पारख असलेला म्हातारा शेतकरी नव्या रानात शिरला की काय करतो, ते तुम्ही पाहिले असेल. तो आधी मूठभर माती उचलतो, तिच्यावर चार थेंब पाणी टाकतो आणि तळहातावर मळतो. मातीची वळी झाली तर मान डोलावतो. वळी न होता माती बोटांतून गळून गेली तर म्हणतो, "रेताड आहे. पाणी धरणार नाही, खतही धरणार नाही."

या साध्या परीक्षेत मोठे शास्त्र आहे. रेताड जमिनीत शंभर भागांपैकी ऐंशी-नव्वद भाग वाळू असते, पण पिकाचा संसार चालतो तो उरलेल्या दहा-वीस भागांवर. ती थोडीशी चिकणमाती येते कुठून, ती काय करते, आणि ती बिघडली तर काय होते, याची हकीगत आज तुम्हांला सांगायची आहे. ही हकीगत घडली इंग्लंडात. पण तिच्यातला मुख्य माणूस वर्षभर आपल्या देशातली शेते हिंडून गेलेला होता, आणि तिचा धडा आपल्या कोकणातल्या तांबड्या मातीलाही लागू पडतो.

आधी माती होते कशी ते पाहू. जमीन म्हणजे कुजलेला खडक. 'कुजणे' हा शब्द दगडाला लावलेला ऐकून तुम्ही हसाल, पण तो चुकीचा नाही. शाळेच्या पुस्तकात याला 'विदारण' म्हणतात. ग्रॅनाइटचा दगड फोडून पाहिला तर त्यात मुख्यतः तीन प्रकारचे कण दिसतात : काचेसारखी गारगोटी, पांढरट किंवा गुलाबी फेल्डस्पार आणि चकाकणारे अभ्रक. पावसाचे पाणी हवेतला आणि मुळांच्या श्वासातला कार्बन डाय-ऑक्साइड वायू घेऊन किंचित आंबट होते. ते वर्षानुवर्षे दगडात मुरते. फेल्डस्पार आणि अभ्रक त्याच्यापुढे टिकाव धरीत नाहीत. त्यांच्यातले पालाश, सोडा आणि चुना पाण्याबरोबर निघून जातात, आणि मागे राहिलेल्या मालमसाल्यातून अतिशय बारीक, पानासारखे चपटे असे नवे कण तयार होतात. हीच चिकणमाती. गारगोटी मात्र जवळजवळ जशीच्या तशी राहते. तिचीच वाळू होते. कोणते खनिज आधी कुजते आणि कोणते शेवटपर्यंत टिकते, याची क्रमवारी सॅम्युएल गोल्डिच या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९३८ साली मांडली. तिच्यात गारगोटीचा नंबर अगदी शेवटचा आहे.

आता तुमच्या ध्यानात येईल की देशावरची काळी जमीन इतकी चिकट का. आपल्या काळ्या पाषाणात गारगोटीचे कण जवळजवळ नसतातच. तो कुजला की बहुतेक सगळी चिकणमातीच होते. उलट, जुन्या वालुकाश्मावर तयार झालेल्या जमिनीत गारगोटीच गारगोटी. तिच्यात इकडेतिकडे फेल्डस्पारचे, अभ्रकाचे चार कण असतात, ते हजारो वर्षे कुजत राहतात, तेव्हा कुठे थोडी चिकण जमते. म्हणून रेताड जमिनीतली चिकण ही गरिबाघरच्या तुपासारखी असते. असते थोडीच, पण घास उतरतो तिच्यामुळे.

ही गोष्ट पुस्तकांच्या आधी शेतकऱ्यांना उमगली होती. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ नॉरफोक नावाचा परगणा आहे. तिथे मोठे पट्टे हलक्या, रेताड जमिनीचे आहेत. तिथले शेतकरी शेतातच खोल खड्डा खणत, खालच्या थरातली चुनामिश्रित चिकणमाती वर काढत, आणि गाड्या भरभरून ती रेताड रानात पसरत. या मातीला ते 'मार्ल' म्हणत. ही रीत फार जुनी. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकातच गॉल आणि ब्रिटन या देशांतल्या मार्लचे वर्णन केले आहे. अठराव्या शतकात नॉरफोकमध्ये या कामाला जोर आला आणि जिथे मेंढरेच चरायची तिथे गहू आणि जव डोलू लागले. त्या काळचे हजारो खड्डे नॉरफोकच्या शेतांत आजही दिसतात. काहींत पाणी साठून तळी झाली आहेत.

आपल्याकडचे शेतकरीही उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढून हलक्या, बरड रानात टाकतात. विचार तोच. पण चिकणमाती टाकल्याने जमीन सुधारते ती नेमकी कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर मिळायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

यॉर्कशायरमध्ये एच. एस. थॉम्पसन नावाचा एक जमीनदार होता. त्याला काळजी होती ती आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला असते तीच : शेतात टाकलेले खत पावसाच्या पाण्याबरोबर वाहून तर जात नाही ना? १८४५ साली त्याने यॉर्कमधल्या स्पेन्स नावाच्या रसायने जाणणाऱ्या माणसाची मदत घेतली. एका नळीत माती भरली, वरून अमोनियम सल्फेटचे पाणी ओतले आणि खालून झिरपलेले पाणी तपासले. अमोनिया मातीतच अडकून राहिला होता. त्याच्या जागी पाण्यात उतरला होता चुना, तोही जिप्समच्या रूपाने. माती चाळणीसारखी नुसती गाळत नव्हती. ती देवाणघेवाण करीत होती. एक घ्यायचे आणि त्याच्या बदल्यात दुसरे द्यायचे.

ही गोष्ट थॉमस वे या रसायनशास्त्रज्ञाच्या कानावर गेली. तो इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचा सल्लागार होता. त्याने हे काम पद्धतशीर हाती घेतले आणि १८५० व १८५२ साली आपले निष्कर्ष छापले. ही देवाणघेवाण मातीतली वाळू करीत नाही, चिकण करते. ती क्षणार्धात होते. आणि जितके घेतले तितक्याच मापात दिले जाते. जर्मनीच्या लीबिग या थोर रसायनशास्त्रज्ञाला हे आधी पटले नाही. त्याचीही गंमत ऐका. खत पावसात धुऊन जाईल या भीतीने त्याने आपले कृत्रिम खत मुद्दाम पाण्यात न विरघळेल असे बनवले होते. ते विरघळेना, म्हणून पिकालाही मिळेना! खत फसले. जमीनच खत धरून ठेवते, आपण त्याला कुलूप लावायची गरज नाही, हे त्याने पुढे उघडपणे मान्य केले.

म्हणजे चिकणमाती ही जमिनीची पेढी झाली. ठेव ठेवायची, लागेल तशी काढायची. काळ्या जमिनीची पेढी मोठी, रेताड जमिनीची लहान. मग लहान पेढीवर कायम एकाच तऱ्हेचा भार टाकला तर काय होईल? इथून आपली मुख्य हकीगत सुरू होते.

१८७६ साली रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने बेडफर्डशायरमधल्या वोबर्न येथे शेतीचे प्रयोगक्षेत्र काढले. जमीन ड्यूक ऑफ बेडफर्डने दिली. इथली माती सुमारे अकरा कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातल्या वाळूपासून झालेली, हलकी. तिच्यात चिकण जेमतेम दहाएक टक्के, आणि चुना जवळजवळ नाहीच. दैवाचा खेळ असा की त्याच परिसरात वाळूच्या थरांखाली उत्तम प्रतीच्या चिकणमातीचा थर आहे. लोकर धुण्यासाठी शेकडो वर्षे ती खणून नेली जात होती. आपण मुलतानी माती म्हणतो, त्याच जातीची. पण वरच्या शेताला तिचा काय उपयोग!

१८७७ पासून तिथल्या एका शेताचे वाफे पाडून दर वर्षी गहू आणि जव घेऊ लागले. एका वाफ्याला काहीच नाही, एकाला शेणखत, एकाला सोडियम नायट्रेट, एकाला अमोनियम सल्फेट. दर साली तेच पीक, तेच खत, तोच वाफा. या प्रयोगांची देखरेख पुढे डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांच्याकडे आली. त्यांचे वडीलही याच सोसायटीचे रसायनशास्त्रज्ञ होते.

याच डॉ. व्होल्करना सरकारने १८८९ च्या डिसेंबरात हिंदुस्थानात पाठवले. इथली शेती सुधारावी कशी, ते सांगा म्हणून. १८९१ च्या जानेवारीपर्यंत ते देशभर हिंडले आणि १८९३ साली त्यांचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी आणि मागासलेला आहे, हा समज त्यांनी खोडून काढला. इथली खुरपणी, मिश्र पिके, फेरपालट, पाणी उपसण्याच्या युक्त्या यांची त्यांनी मोकळेपणाने तारीफ केली. उणीव आहे ती खताची, आणि ती का, तर जळण नाही म्हणून शेण चुलीत जाते. जळणासाठी झाडे लावा, म्हणजे शेण शेतात जाईल, असे त्यांचे सांगणे होते. शेणखताची बाजू घेणाऱ्या या माणसाला परत गेल्यावर स्वतःच्या प्रयोगक्षेत्रात जे पाहावे लागले, ते त्याच्या सांगण्याला बळकटी देणारेच होते.

अमोनियम सल्फेटच्या वाफ्यांत पहिली कित्येक वर्षे पीक झकास आले होते. खत कामाचे आहे, याबद्दल कुणाला शंका नव्हती. पण हळूहळू उतार दिसू लागला, आणि शतकाच्या शेवटच्या दशकात जवाने हात टेकले. बी उगवायचे, रोप पिवळे पडायचे, मुळे आखूड, ठिसूळ राहायची. शेवटी पिकाच्या जागी तणच माजले. गव्हाने थोडा जास्त दम धरला, पण तोही त्याच वाटेने गेला. शेजारच्या शेणखताच्या वाफ्यात मात्र असे काही झाले नाही. सोडियम नायट्रेटच्या वाफ्यातही नाही. बियाणे तेच, पाऊस तोच, नांगर तोच. फरक फक्त खताचा.

व्होल्करनी १८९७ साली बिघडलेल्या वाफ्यांचे भाग पाडले आणि काही भागांना चुना दिला. पुढच्या हंगामांत चुना दिलेल्या पट्ट्यात जव पुन्हा उभे राहिले. चुना न दिलेल्या पट्ट्यात भुई तशीच उघडी पडलेली. दोन पट्ट्यांमधली सीमा लांबून नजरेत भरत असे. जमीन 'आंबली' होती, हे सिद्ध झाले.

तुम्ही विचाराल, दुसरीकडे हेच खत देऊनही असे का झाले नाही? वोबर्नपासून फार दूर नसलेल्या रोथॅमस्टेड येथे ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचे प्रयोग चालू आहेत. तिथेही अमोनियमची खते दिली जात होती. पण ती जमीन भारी, आणि जुन्या काळच्या शेतकऱ्यांनी खालचा खडूचा दगड खणून तिच्यावर पसरून ठेवलेला. त्या चुन्याच्या शिलकीने कित्येक पिढ्या सावरून घेतले. वोबर्नच्या वाळूला ना चिकणीची पुंजी, ना चुन्याची. म्हणून जे संकट भारी जमिनीत शंभर वर्षे दबून राहिले असते, ते हलक्या जमिनीत वीस वर्षांत दारात येऊन उभे राहिले.

आता आत काय घडत होते ते पाहू. अमोनियम सल्फेट जमिनीत पडले की मातीतले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, आणि त्या कामात आम्ल तयार होते. ते आम्ल चिकणकणांवर बसलेल्या चुन्याला हुसकून लावते. चुना पाण्याबरोबर खाली जातो. पेढीतली ठेव अशी दर साली थोडी थोडी संपत जाते. इथवर थॉम्पसन आणि वे यांच्या शोधावरून समजते. पण पुढचे समजायला चिकणमातीचे पोट फाडून बघावे लागले.

त्या काळी पुष्कळांची समजूत अशी की चिकणमाती म्हणजे आकार नसलेला, डिंकासारखा लगदा. १९३० आणि १९३१ साली अमेरिकेत दोन ठिकाणी संशोधकांनी मातीतली चिकण क्ष-किरणांखाली धरली, तेव्हा दिसले की ती लगदा नाही, स्फटिक आहे. वहीच्या पानांसारखे थर एकावर एक रचलेले. हे थर सिलिकाचे आणि ॲल्युमिनियमचे. त्यांच्या रचनेवरून जाती ठरल्या. काळ्या जमिनीतली मुख्य जात मॉन्टमोरिलोनाइट. तिची पाने सुटी सुटी, मध्ये पाणी शिरते, म्हणून ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या एका ग्रॅमची सगळी पाने उलगडून पसरली तर सुमारे सात गुंठे जागा व्यापतील! तांबड्या मातीतली मुख्य जात केओलिनाइट. तिची पाने घट्ट मिटलेली. एका ग्रॅमचा पसारा एखाद्या लहान खोलीएवढा. आणि वाळू? तिच्या एका ग्रॅमचा पसारा अर्ध्या पोस्टकार्डाएवढाही नाही. वाळू खत का धरत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे.

पण स्फटिक म्हटले तरी तो अमर नव्हे. जमिनीची आम्लता मोजण्याचे माप म्हणजे 'सामू'. सात म्हणजे ना आंबट ना खारी. सामू पाचाच्या खाली घसरला की चिकणकणांच्या कडा विरघळू लागतात आणि त्यांच्यातला ॲल्युमिनियम मोकळा होतो. हा मोकळा ॲल्युमिनियम मुळांना विषासारखा. वोबर्नच्या जवाची मुळे आखूड राहत होती ती यामुळे. नीट ध्यानात घ्या : तिथे चुना तर संपत होताच, पण ज्या चिकणीवर तो बसत होता, तीही कुरतडली जात होती. पेढीतली ठेव संपणे वेगळे आणि पेढीची भिंत ढासळणे वेगळे. ठेव चुना टाकून पुन्हा भरता येते. विरघळलेली चिकण परत येण्याची वाट पाहायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

निसर्ग हे काम सावकाश करतो. कोकणातला जांभा पाहा. लाखो वर्षांच्या पावसाने खडकाची चिकण झाली, आणि चिकणीतलीही सिलिका धुऊन जाऊन शेवटी लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे गंज तेवढे उरले. कोल्हापूर जिल्ह्यात बॉक्साइट सापडते, तेही याच वाटेच्या टोकाला. कुजणे थांबत नाही. आपण चुकीने त्याला वेग मात्र देऊ शकतो.

आपल्या देशातही हा अनुभव येऊन गेला आहे. १९५१ साली सिंद्रीच्या कारखान्यात अमोनियम सल्फेट तयार होऊ लागले. १९५६ साली रांचीजवळ कांके येथे तांबड्या, आम्ल जमिनीत दीर्घ मुदतीचा प्रयोग मांडला गेला. वर्षामागून वर्षे नुसते अमोनियम सल्फेट दिलेल्या वाफ्यांत पीक घसरत घसरत जवळजवळ शून्यावर आले. जिथे इतर खतांबरोबर चुना किंवा शेणखत दिले, तिथे पीक टिकले. वोबर्नचीच गोष्ट, फक्त मुलूख आपला.

म्हणून खत वाईट, असा अर्थ कुणी काढू नये. वोबर्नच्या वाफ्यांनी पहिली कित्येक वर्षे भरघोस पीक याच खतावर दिले. चूक होती ती जमीन न ओळखता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्याची. आज आपण बहुतेक युरिया वापरतो. तोही आम्लता वाढवतो, पण तेवढ्याच नत्रामागे अमोनियम सल्फेटपेक्षा पुष्कळ कमी. चुनखडी असलेल्या काळ्या रानाला या आम्लतेची भीती नाही. त्यांची दुखणी वेगळी. पण कोकणातली, घाटमाथ्यावरची तांबडी, भरड, धुऊन निघालेली जमीन ज्यांच्याकडे आहे, त्यांनी माती परीक्षणाच्या कागदावरचा 'सामू'चा आकडा आधी वाचावा. तो साडेपाचाखाली असेल तर कृषी खात्याच्या माणसाला चुन्याचे प्रमाण विचारावे आणि मगच खताची पोती आणावीत. आणि शेणखत, कंपोस्ट यांना सोडू नये. कुजलेला पाचोळा, शेण यांचा काळा अंशही चिकणीसारखाच खत आणि पाणी धरतो. ज्या रानात चिकण थोडी, तिथे ही दुसरी पेढी जितकी भरावी तितकी थोडीच.

गुरुजनांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. प्लास्टिकच्या दोन बाटल्यांचे बूड कापा, तोंडाला फडके बांधून त्या उलट्या टांगा. एकीत स्वच्छ धुतलेली वाळू भरा. दुसरीत तीच वाळू, पण तिच्यात चार चमचे वाळवून बारीक केलेली चिकणमाती नीट मिसळून भरा. आता जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाचे, म्हणजे जेन्शन व्हायोलेटचे, दोन-तीन थेंब पेलाभर पाण्यात टाका आणि ते पाणी दोन्हींत सावकाश ओता. नुसत्या वाळूतून पाणी जांभळेच खाली येईल. दुसऱ्या बाटलीतून येईल ते थोडे गढूळ असेल, पण त्यातला जांभळा रंग बराचसा नाहीसा झालेला असेल. यॉर्कच्या त्या नळीत १८४५ साली जे घडले, त्याचीच ही धाकटी बहीण. मुलांना विचारा, "रंग गेला कुठे?" उत्तर तुम्ही सांगू नका. त्यांनाच शोधू द्या.

आणि शेतकरी बंधु-भगिनींनो, तुम्ही पुढच्या वेळी बांधावर बसून मातीची वळी कराल, तेव्हा एवढे आठवा. त्या वळीला धरून ठेवणारी चिकण तयार व्हायला हजारो वर्षे लागली आहेत. वोबर्नच्या वाळूत तिला बिघडवायला वीस वर्षे पुरली.